हिवाळ्यात फटी बुजवल्या की चूल घरात धूर का सोडते : गार वारा अडवताना विस्तवाची हवा कशी राखावी

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की खानदेशातल्या अनेक घरांतून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते. आठ महिने नीट चाललेली चूल अचानक घरात धूर सोडू लागते, डोळे चुरचुरतात, नव्याने रंगवलेल्या भिंतीवर काजळी चढते आणि सकाळी उठल्यावर घरातल्या दोघातिघांचे डोके जड झालेले असते. धुराडे झाडले जाते, लाकडे बदलली जातात, चुलीला नवा पोतेरा दिला जातो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच धूर कोंडतो. ज्या घरात चूल नाही पण रात्री खोलीत शेगडी ठेवली जाते, तिथे धूर दिसत नाही म्हणून तक्रारही होत नाही. प्रत्यक्षात ते घर अधिक धोक्यात असते. हे सारे नेमके थंडीतच का घडते आणि घर उबदार ठेवूनही ते कसे टाळता येते, याबद्दल पुढे लिहिले आहे.

आपल्याकडचे घर उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून स्लॅबखाली झरोके असतात, पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट सोडलेली असते, स्वयंपाकघराच्या भिंतीत जाळीच्या विटा बसवलेल्या असतात आणि दाराखाली उंदीर जाईल एवढी जागा राहिली तरी तिचे कोणाला काही वाटत नाही. पुढे डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, काही रात्री धुळ्यात तो ६ अंशांच्या आसपास जातो, सातपुड्यात तोरणमाळ आणि मोलगीच्या बाजूला तर पहाटे दवाचे दाणे गोठलेले दिसतात. तेव्हा उन्हाळ्यात हव्याशा वाटणाऱ्या याच फटींतून गार वारा अंगावर येतो. मग घरातले वडीलधारे ‘दार लाव, हिव वाजस’ म्हणतात आणि जुन्या साड्या, गोणपाट, वर्तमानपत्रे, अलीकडे फोमच्या पट्ट्या, जे हाताशी येईल ते फटींत कोंबले जाते. गार वारा थांबतो, पण चुलीला लागणारी हवाही त्याच फटींतून येत होती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

एक किलो सुके लाकूड पुरते जळायला साधारण ४.५ ते ५ घनमीटर हवा लागते. हा झाला रसायनशास्त्राचा हिशेब. उघड्या चुलीत मात्र हवा विस्तवाच्या आजूबाजूनेही ओढली जाते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट हवा खर्ची पडते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच खोलीत सगळी मिळून जेमतेम २५ घनमीटर हवा मावते. म्हणजे तासाला किलोभर लाकूड जाळणारी चूल एका तासात खोलीभर हवा मागते. धुराड्यातून वर जाणाऱ्या हवेइतकीच हवा कोठून तरी आत यावी लागते. ती आली नाही की धुराड्याची ओढ मंदावते, धूर चुलीच्या तोंडातून खोलीत परततो, आणि अपुऱ्या हवेत जळणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड अधिक निघू लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. धुराने डोळे चुरचुरतात म्हणून माणूस निदान उठून दार तरी उघडतो. हा वायू ती सूचनाही देत नाही.

म्हणून प्रश्न सोडवण्याचा क्रम आधी ठरवावा लागतो. विस्तवाला हवा कोठून मिळणार हे पहिल्याने पक्के करावे आणि उरलेल्या फटी त्यानंतर बुजवाव्यात. उलट क्रमाने काम केले की दर हिवाळ्यात तीच तक्रार उभी राहते.

आधी निदान

चूल धूर सोडते यामागे मुख्यतः तीन कारणे असतात : आत येणारी हवा कमी पडणे, धुराड्याची वाट अडणे, किंवा बाहेरच्या वाऱ्याने धूर उलटा दाबला जाणे. तिन्हींचा इलाज वेगळा आहे, त्यामुळे अंदाजाने हात घालण्यात अर्थ नसतो. ओळखण्याची रीत मात्र अगदी साधी आहे आणि तिला पैसाही लागत नाही.

चूल पेटवून अर्धा तास चांगली तापू द्यावी. घराची दारे-खिडक्या रात्री जशा बंद असतात तशाच बंद ठेवाव्यात. आता एक पेटलेली अगरबत्ती चुलीच्या तोंडाच्या वरच्या कडेशी, विस्तवापासून वीतभर अंतरावर धरावी आणि तिच्या धुराची रेघ कोणीकडे वळते ते पाहावे. रेघ चुलीत ओढली गेली तर धुराड्याची ओढ चांगली आहे. ती जागेवरच घोटाळली किंवा तोंडाकडून खोलीकडे वळली तर ओढ अपुरी आहे. तशाच स्थितीत अगरबत्ती न हलवता दुसऱ्या कोणाला स्वयंपाकघराचे बाहेरचे दार चार बोटे उघडायला सांगावे. दार किलकिले होताच रेघ वळून चुलीत शिरू लागली, तर दोष हवेच्या कमतरतेचा आहे आणि धुराडे कितीही झाडले तरी तो जाणार नाही. दार पुरते उघडूनही काही फरक पडला नाही, तर धुराड्याची वाट अडलेली आहे किंवा मुळातच चुकीची आहे. वारा असेल त्याच दिवशी धूर उलटतो आणि शांत रात्री चूल नीट चालते, असे असेल तर धुराड्याचे बाहेरचे टोक तपासावे.

चोपडा तालुक्यातल्या एका घराचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, कोपऱ्यात चूल, तिच्यावर चार इंची सिमेंटचा पाइप. घराला नव्या सरकत्या खिडक्या बसल्या, दारांना खालून रबरी पट्टी लागली आणि त्याच हिवाळ्यात धूर सुरू झाला. घरच्यांनी पाइप पुन्हा पुन्हा साफ केला होता. तो आतून अगदी स्वच्छ होता, तरीही तवा चढवला की धूर माघारी येत असे. अगरबत्ती धरून दार जरा लोटले, तेव्हा धुराची रेघ पाहतापाहता वळून चुलीत शिरली. चुलीच्या बाजूच्या भिंतीत जमिनीलगत अर्ध्या विटेएवढे भोक पाडून त्यावर बाहेरून जाळी बसवल्यावर त्या घरातला धूर थांबला आणि खिडक्या बंदच राहिल्या.

आणखी एक गोष्ट याच वेळी पाहून घ्यावी. चुलीच्या वरच्या भिंतीत किंवा शेजारी एक्झॉस्ट पंखा असेल तर तो चालू करून हीच चाचणी पुन्हा करावी. धुराडे असलेल्या बंद खोलीतला पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा सोप्या वाटेने आत ओढतो. ती सोपी वाट अनेकदा धुराडेच असते. मग धुराड्यातून हवा खाली उतरते आणि धूर घरात येतो. नऊ इंची साधा पंखासुद्धा तासाला काही शे घनमीटर हवा फेकतो, चार इंची धुराड्याची नैसर्गिक ओढ त्याच्यापुढे टिकत नाही. ज्या खोलीत धुराडे आहे तिथे विस्तव असताना पंखा बंद ठेवावा, हे माझे ठाम मत आहे. धुराडे नसलेल्या स्वयंपाकघरात पंखा उपयोगी पडतो, पण त्याच्या समोरच्या बाजूला हवा आत येण्याची वाट उघडी असेल तरच.

हवेची वाट किती मोठी, आणि कुठे

थंड देशांत उघड्या अग्नीभोवती बसण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे तिथल्या बांधकाम नियमांत याचा हिशेब नेमका मांडलेला सापडतो. ब्रिटनच्या नियमांप्रमाणे घरात उघडी शेकोटी असेल तर बाहेरची हवा आत आणणारे, कधीही बंद न होणारे झरोके लागतात आणि त्यांचे मोकळे क्षेत्र धुराड्याच्या गळ्याच्या क्षेत्राच्या निम्मे असावे लागते. गळा म्हणजे विस्तवाच्या वर जिथे वाट अरुंद होऊन धुराड्यात शिरते ती जागा. हा नियम आपल्या चुलीसाठी लिहिलेला नाही, तरी अंदाज बांधायला तो चांगला आधार आहे. चार इंची पाइपाचे क्षेत्र साधारण ८० चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे किमान ४० चौरस सेंटिमीटर मोकळी वाट हवी. आपल्या साध्या विटेचे चार इंच बाय तीन इंचाचे टोक निघेल एवढे भोक जवळजवळ दुप्पट होते. दुप्पट घ्यावे असेच मी सांगतो, कारण उंदीर-पाली अडवायला जाळी लावावी लागते आणि जाळीने मोकळी जागा घटते. डासांची बारीक जाळी मात्र येथे लावू नये. तिच्यात धूळ व काजळी धरते आणि दोन महिन्यांत ती भिंतीसारखी होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान डोळ्यांची तारेची जाळी पुरेशी आहे, आणि तीही महिन्यातून एकदा जुन्या ब्रशने झाडावी.

भोक कुठे पाडावे यावर घराची ऊब अवलंबून असते. वारा अंगाला झोंबतो तो मुख्यतः हवा खोलीच्या एका टोकाने शिरते आणि झोपलेल्या-बसलेल्या माणसांवरून चुलीकडे ओढली जाते म्हणून. चुलीची ओढ जितकी चांगली, तितका पाठीला लागणारा वाराही जोराचा. हवेची वाट चुलीच्या अगदी बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर काढली की बाहेरची गार हवा खोलीत न पसरता सरळ विस्तवाला मिळते. त्यानंतर उरलेल्या फटी निर्धास्तपणे बुजवता येतात. शक्य असेल तिथे भोक उत्तरेच्या भिंतीत घेऊ नये, कारण थंडीतला बोचरा वारा आपल्याकडे बहुधा उत्तरेकडून आणि ईशान्येकडून येतो. दुसरी भिंतच नसेल तर भोकाच्या बाहेर दोन विटांचा आडोसा करावा, म्हणजे वाऱ्याचा झोत थेट आत येत नाही आणि राखही उडत नाही.

घरात चुलीबरोबर गॅसही असतो आणि सिलिंडर त्याच स्वयंपाकघरात असतो, तिथे आणखी एक कारण जोडावे लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. अशा स्वयंपाकघरातून बाहेर उघडणाऱ्या दाराखालची फट किंवा जमिनीलगतचा झरोका थंडीच्या नावाखाली कधीही बुजवू नये. बुजवायचीच असेल तर स्वयंपाकघर आणि झोपण्याची खोली यांच्यामधल्या दाराची फट बुजवावी. तिथे घट्ट पट्टी, दाराशी जुन्या गोधडीची वळकटी, जाड पडदा, सारे चालेल, कारण त्याने ऊबही राहते आणि धूरही अडतो.

आता धुराडेच नसलेल्या चुलीबद्दल, कारण खानदेशात अशीच घरे जास्त आहेत. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात चुलीवर छताला धुराचे भोक ठेवलेले असे आणि जाड मातीच्या भिंती दिवसाची ऊब रात्री परत देत, त्यामुळे भोक उघडे असूनही घर फार गारठत नसे. धाबे काढून पत्रा किंवा स्लॅब आला तेव्हा बऱ्याच घरांत ते भोक गेले आणि चूल तशीच राहिली. अशा खोलीत धूर जाण्याची वाट वरच हवी, छताला किंवा छतालगत भिंतीत, शक्यतो समोरासमोरच्या दोन बाजूंना. माझा ठोकताळा असा आहे की वरची मोकळी जागा मिळून दीड ते दोन चौरस फूट आणि खाली चुलीजवळ निदान त्याच्या निम्मी असावी. पत्रा आणि भिंत यांच्यामधली फट पूर्ण बुजवण्याऐवजी चुलीच्या बाजूची तेवढी उघडी ठेवावी आणि खाटा ज्या बाजूला आहेत तिकडची बुजवावी. खालची वाट बंद करून केवळ वरचे झरोके उघडे ठेवणे उपयोगाचे नसते, कारण आत येणाऱ्या हवेवाचून धूर वर सरकत नाही, छताखाली साचून राहतो.

एवढे करूनही धुराडे नसलेल्या चुलीची हवा निरोगी होते असे मात्र समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सांगितलेली सूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे, आणि चुलीच्या खोलीत स्वयंपाकाच्या वेळी हे प्रमाण सहज काही शेंवर जाते. झरोक्यांमुळे ते कमी होते, एवढेच. १९८३पासून निर्धूर चुलींचा सरकारी कार्यक्रम चालला, २०१६पासून उज्ज्वला योजनेत गॅस जोडण्या मिळाल्या, तरी सिलिंडर संपला किंवा पाणी तापवायचे असले की विस्तव पेटतोच. ते मान्य करूनच मी म्हणेन की घरात एका कामासाठी जरी रोज चूल पेटत असेल, तर तिला धुराडे बसवून घेणे हा खर्च आधी करावा, नव्या खिडक्यांचा नंतर.

धुराडे तपासताना

दार उघडूनही अगरबत्तीची रेघ वळली नाही, तर पाइप पाहावा. पावसाळ्यानंतर पाइपाच्या टोपीखाली चिमण्यांची किंवा गांधीलमाशांची घरे सापडणे नेहमीचे आहे. काजळीचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. चार इंची, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात सगळीकडून एक सेंटिमीटर काजळी बसली की व्यास आठ सेंटिमीटर राहतो आणि धुराची वाट ३६ टक्क्यांनी घटते. लांब बांबूला काथ्याचा बोळा घट्ट बांधून वरून खाली झाडावे, विस्तव पूर्ण विझलेला असताना आणि तोंडाला कापड बांधून. दिवाळीच्या साफसफाईत हे काम धरले तर लक्षात राहते, पण रोज दोन वेळा चूल पेटत असेल तर संक्रांतीच्या सुमारास पुन्हा एकदा पाहावे.

पाइप सरळ वर जाणे सर्वांत चांगले. भिंतीतून आडवा काढलेला आणि मग वळवलेला पाइप ओढ मारतो. पत्र्यातून बाहेर आलेले टोक छपराच्या माथ्यापेक्षा निदान दोन फूट उंच असावे. माथ्याच्या खाली, वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर ते संपले की वारा छपरावरून खाली कोसळताना धूर परत पाइपात दाबतो, आणि वारा असेल त्याच दिवशी धूर उलटतो ही तक्रार बहुधा येथून येते. टोपी आणि पाइपाचे तोंड यांमध्ये पाइपाच्या व्यासाइतके तरी अंतर हवे. पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी खाली दाबून बसवलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. अशा धुराड्याला पावसाळ्यात कोणी दोष देत नाही, कारण तेव्हा दारे उघडी असतात.

भांडे ठेवायच्या दोन जागा, म्हणजे दोन वैल, असलेल्या चुलीत मागचा वैल मोकळा राहिला की धुराडे विस्तवाऐवजी त्या भोकातून हवा ओढते आणि पुढच्या तोंडातून धूर येतो. मागे भांडे नसेल तर झाकणी ठेवावी. चुलीच्या अंगाला आणि पाइपाच्या सांध्याला गेलेल्या भेगाही अशाच फसव्या असतात, त्या माती-शेणाने लिंपून घ्याव्यात. पहाटे चूल पेटवताना पहिली पाच-दहा मिनिटे येणारा धूर हा दोष नसतो, रात्रभर गारठलेल्या पाइपात ओढ तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. पाइपाच्या बुडाशी आधी मूठभर कोरडे पाचट किंवा कागद जाळले की तो वेळ कमी होतो.

जळणाबद्दल थोडेच, कारण ते प्रत्येक घराला ठाऊक असते. जानेवारीत उपटलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, आतून ओली असते, महिना-दीड महिना उन्हात रचून ठेवल्याशिवाय घरातल्या चुलीत घालू नये. सुकलेली पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी (तुरीच्या काड्या) भडकन पेटते, त्यामुळे एकदम जुडगा घातला तर धुराड्याच्या आवाक्याबाहेर धूर निघतो. चार-चार काड्या सारत राहाव्यात. भरीताची वांगी भाजणे आणि खापरावरचे मांडे करणे ही मोठ्या जाळाची कामे अंगणात किंवा शेतात होतात, ती तशीच बाहेर राहू द्यावीत.

गार वाऱ्याचा शोध घेतानाही अगरबत्तीच वापरावी. चूल विझलेली असताना, वाऱ्याच्या रात्री, खिडकीच्या चौकटीभोवती, दाराखाली आणि पत्र्याच्या कडेने ती फिरवली की वारा नेमका कुठून येतो ते दिसते. पुष्कळदा असे आढळते की धूर कुठेच हलत नाही आणि तरी थंडी वाजते. पत्र्याच्या घरात रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि त्याच्याखालची हवा जड होऊन अंगावर उतरते. त्या थंडीवर फटी बुजवून काही होत नाही. झोपण्याच्या बाजूला पत्र्याखाली बांबूच्या चटईचे किंवा बोर्डाचे छत घातले तर फरक पडतो. मात्र चूल आणि पाइप यांच्यापासून ते दूर ठेवावे, निदान हातभर अंतर सोडावे आणि पाइपाभोवती पत्र्याचा गळपट्टा घालावा. कडबा, गोणपाट किंवा थर्माकोल चुलीच्या खोलीत छताला लावू नये.

शेगडी, राखेखालचे निखारे आणि बाळंतिणीची खोली

याबद्दल मला सर्वांत अधिक काळजी वाटते. कोळशाची शेगडी अंगणात पेटवायची, धूर संपून कोळसे लाल झाले की ती आत आणायची, ही सवय सुरक्षित समजली जाते. धूर संपला म्हणजे धोका संपला, ही समजूत खोटी आहे. लाल निखाऱ्यांतून, विशेषतः वर राख चढल्यावर, कार्बन मोनॉक्साइड निघतच राहतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला त्याची जाणीव होण्याआधीच गुंगी येते.

बाळंतिणीची खोली मुद्दाम बंद केली जाते. खिडकीला कापड, दाराला पडदा, फटींत चिंध्या, आणि बाजेखाली ओवा-शेपा टाकलेली शेगडी. शेकाने बाळंतिणीला आराम वाटतो हे खरे, आणि ती माया खोटी नाही. पण बाळ त्या खोलीत रात्रंदिवस असते. नवजात बाळाच्या रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला अधिक सहज धरते. आईचे रक्त बाळंतपणानंतर बहुधा कमी झालेले असते, आणि रक्त कमी असलेल्या माणसाला हा वायू थोड्या प्रमाणातही जड जातो. नंदुरबार जिल्ह्यात ज्या घरांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत, त्यांनी ही गोष्ट आणखी गंभीरपणे घ्यावी.

शेक बंद करा असे कोणत्याही आजीला सांगून उपयोग नाही, आणि तसे सांगायची गरजही नाही. विस्तव बाहेर ठेवून त्याची ऊब आत नेता येते. चुलीवर तापवलेली वीट जाड कापडात गुंडाळून बाजेखाली ठेवावी, गार झाली की बदलावी. आईच्या पाठीसाठी गरम पाण्याची पिशवी वापरावी. बाळाला वीट किंवा पिशवी लावू नये, त्याची कातडी नाजूक असते. बाळासाठी आईच्या उघड्या छातीशी, वरून पांघरूण घेऊन, कातडीला कातडी लागेल असे धरणे ही दवाखान्यातही शिकवली जाणारी कांगारू पद्धत सर्वांत भरवशाची आहे. धुरी द्यायचीच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, बाळाला दुसऱ्या खोलीत नेऊन द्यावी आणि शेगडी लगेच बाहेर काढावी.

सकाळी पुन्हा पेटवायला सोपे जावे म्हणून रात्री चुलीत निखारे राखेखाली झाकून ठेवण्याची रीत आहे. त्याच खोलीत कोणी झोपत असेल तर ही रीत सोडावी. निखारे बाहेर काढून पाणी मारून विझवावेत. ते चुलीत ठेवायचेच असतील तर धुराडे आणि खालची हवेची वाट उघडी राहिली पाहिजे. पाइपाला झडप असेल तर एकही निखारा धगधगत असेपर्यंत ती बंद करू नये, मग घर कितीही गारठो.

ज्यांना परवडेल त्यांनी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्यावा. धुराचा अलार्म वेगळा असतो, तो या वायूला वाजत नाही. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाप्रमाणे केलेला अलार्म हवेत या वायूचे दहा लाख भागांत ५० भाग असतील तर ६० ते ९० मिनिटांत, १०० भागांना १० ते ४० मिनिटांत आणि ३०० भागांना तीन मिनिटांच्या आत वाजतो. अलार्म चुलीच्या अगदी डोक्यावर न लावता त्याच खोलीत एक ते तीन मीटर अंतरावर लावावा, आणि झोपण्याच्या खोलीत उशीच्या उंचीला. अलार्म आहे म्हणून हवेची वाट बुजवणे मात्र चालणार नाही.

ताप नसताना डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांतले त्राण जाणे, आणि तेही घरातल्या अनेकांना एकाच वेळी होऊन बाहेर ओट्यावर बसल्यावर बरे वाटणे, ही या वायूची ओळख आहे. अन्नातून विषबाधा झाली असे समजून वेळ घालवला जातो. असे दिसताच सर्वांना बाहेर मोकळ्या हवेत आणावे, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि कोणी गुंगीत असेल किंवा बाळंतीण, गरोदर बाई वा बाळ त्या खोलीत असेल तर १०८ला फोन करावा. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवते, कारण त्याला प्राणवायू धरलेले आणि हा वायू धरलेले रक्त यांतला फरक कळत नाही, आकडा ९८ दिसत असतानाही माणूस धोक्यात असू शकतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार ते सहा तास लागतात, दवाखान्यात शुद्ध प्राणवायू दिला की तेच काम साधारण तास-दीड तासात होते. म्हणून दवाखान्यात पोचताच खोलीत विस्तव होता, तो किती वेळ होता आणि दारे-खिडक्या बंद होत्या की उघड्या, हे डॉक्टरांना विचारण्याची वाट न पाहता सांगावे. त्या खोलीतली हवेची वाट आणि धुराडे तपासून होईपर्यंत तिथे पुन्हा विस्तव पेटवू नये.